दुऐजचे फिल्टर आणि सबीकाचा ऊद

कुवेतच्या रौदा वस्तीतल्या आपल्या घरात दुऐज फरशीवर मांडी घालून बसला होता. भिंतीतली जाळी उघडून बाजूला ठेवलेली, आणि तिच्या आडून काढलेला फिल्टर मांडीवर. वीस दिवसांपूर्वी बसवला तेव्हा तो पांढराशुभ्र होता. आता त्याला करपलेल्या साखरेचा रंग आला होता. तीन दिवस धुळीचं वादळ घोंघावत होतं हे खरं, पण धुळीचा रंग असा नसतो. धूळ कोरडी असते, झटकली की झडते. हे बोटाला चिकटत होतं. दुऐजने बोट नाकाशी नेलं आणि लगेच वळून पाहिलं, कोणी बघत तर नाही ना.

समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, या माणसाची एकोणतीस वर्षं गेली. पाण्याचा घोट जिभेवर घोळवून त्यात क्षार किती ते तो आकड्यात सांगायचा, आणि यंत्राचा आकडा त्याच्या मागोमाग यायचा. निवृत्त झाला तरी खोड गेली नव्हती. कुणाच्या लग्नाला गेला तरी आधी पाणी चाखून तोंड वाकडं करायचा. तेव्हा बोटाला काय लागलंय हे कळायला त्याला दुसऱ्यांदा हुंगायची गरज नव्हती. तो ऊद होता, निखाऱ्यावर जाळायचं सुगंधी लाकूड. आणि या घरात ऊद एकच माणूस जाळत असे.

सबीका त्याची थोरली बहीण, दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा दुऐज चार वर्षांचा होता आणि सबीका चौदाची. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, हाताला धरून शाळेत नेलं, तापात उशाशी बसून रात्री काढल्या. स्थळं आली ती ‘हा जरा हाताशी येऊ दे’ म्हणून परत पाठवली, आणि हा हाताशी येईपर्यंत स्थळं यायची थांबली. दुऐज तेव्हापासून तिला आईला म्हणावं तसं ‘युम्मा’ म्हणायचा, आणि चौसष्टाव्या वर्षीही तेच म्हणत होता. पुढे त्याची बायको वस्मिया आजारपणात गेली, तेव्हा पुन्हा सबीकानेच पदर खोचला आणि त्याच्या एकुलत्या मुलाला, मिशारीला, लहानाचा मोठा केला.

आता ती चौऱ्याहत्तरची झाली होती. स्वयंपाकघर स्वयंपाक्याच्या ताब्यात, मिशारीची लाडकी पोर दाईच्या ताब्यात. सबीकाच्या हाती उरलं होतं ते एक धुपाटणं. गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारी नमाजाआधी, वादळ ओसरल्यावर, पाहुणे उठायच्या वेळी आणि मनात येईल तेव्हा ती निखाऱ्यांवर उदाचे तुकडे ठेवी. ऊद फिरला की बैठक उठली, असं तिकडे म्हणतातच. सबीकाच्या घरचे पाहुणे मात्र ऊद फिरल्यावरही अर्धा तास रेंगाळायचे. तिच्या घरून निघालेली बाई चार गल्ल्या पलीकडे वासावरून ओळखू येई.

घर बांधलं तेव्हाची गोष्ट. गच्चीवरचं मोठं यंत्र घरातली हवा एका जाळीतून ओढून घेतं, गार करतं आणि छतातल्या नळ्यांमधून प्रत्येक खोलीत सोडतं. ही ओढणारी जाळी वर छताशी असावी, असं इंजिनियर सांगत होता. दुऐजने त्याला गप्प केलं आणि ती सबीकाच्या गादीशेजारी, गुडघ्याच्या उंचीवर घ्यायला लावली. का, तर युम्माला धुपाटणं घेऊन जिने चढायला लागू नयेत. तिने बसल्या जागी ते जाळीपुढे धरायचं, पुढचं काम यंत्र करील. राहायला आले त्या दिवशी तिने धरलं, आणि दोन मिनिटांत वरच्या मजल्यावरून बायकांचे आवाज आले की आला, वास आला. दुऐजला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की त्याने गल्लीतल्या चार घरांना तशीच जाळी सुचवली. चौघांनीही बसवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त त्याला ते कळायला अकरा वर्षं लागली.

कळलं ते तैबामुळे. तैबा म्हणजे मिशारी आणि त्याची बायको नौफ यांची पोर, पाच वर्षांची. फेब्रुवारीपासून तिची छाती वाजायला लागली. खेळता खेळता थांबायची, खांदे वर करून श्वास ओढायची आणि काही झालंच नाही असं दाखवत पुन्हा खेळायची. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कोणी सिगारेट ओढतं का. नौफ नाही म्हणाली. मग त्यांनी विचारलं, घरात काही जाळता का. नौफने मिशारीकडे पाहिलं, आणि मिशारीने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. शेवटी डॉक्टरबाईंनी दम्याची औषधं दिली आणि खाली लिहिलं, घरातली हवा स्वच्छ ठेवा.

तो कागद मिशारीने बापाच्या हातात दिला. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली, फरशीकडे बघत. मिशरिफला नौफच्या वडिलांच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. सप्टेंबरात शाळा सुरू होईपर्यंत पोरीची छाती सुधारली तर ठीक, नाहीतर ते तिघं तिकडे राहायला जाणार होते.

 सकाळी उठली की तैबा सगळ्यांत आधी दुऐजकडे यायची. त्याच्या पेल्यातलं पाणी तोंडात घोळवायची आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायची, आजोबा, सत्तर. तो म्हणायचा, बहात्तर. मग दोघं हसायची. निवृत्त माणसाच्या दिवसात धरण्यासारखं काय असतं? त्याच्या दिवसात हे होतं.

आता सरळ रस्ता कुठला ते शेंबडं पोरही सांगेल. उठावं, बहिणीपाशी बसावं आणि म्हणावं, युम्मा, ऊद बंद कर, पोरीला सोसत नाही. पण हे म्हणणार कोण? मिशारी तिच्या मांडीवर वाढलेला, त्याची जीभ रेटेना. नौफ सून. सासऱ्याच्या थोरल्या बहिणीला, घर राखलेल्या बाईला, तू आमच्या घरात हे करू नकोस असं सुनेने सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. बोलायचा अधिकार एकट्या दुऐजचा. आणि ज्या बाईने आपल्यासाठी सगळं सोडलं, तिला हातातलं शेवटचंही सोड म्हणून सांगायला त्याचं तोंड उघडेना. म्हणून त्याने ठरवलं की हवाच गाळायची. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

यंत्राचं काम बघायचा उस्ताद शहाता. हा इजिप्तचा, वीस वर्षं कुवेतच्या गच्च्यांवर भाजून निघालेला, आणि जिभेला हाड नसलेला. घरात मुळात धुवायची तारेची जाळी होती. ती त्याने उन्हाकडे धरली आणि म्हणाला, बाशा, यातून धूळ काय, चिमणी जाईल. मग त्याने घड्यांचा कागदी फिल्टर बसवला. वीस दिवसांत त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. त्या चिकट डागावर दुऐजने घरातच थोडं स्पिरिट टाकून बघितलं, डाग पिवळा होऊन पसरला, आणि वास असा उठला की त्याने घाईघाईने खिडकी उघडली. शंका उरली नाही. त्या दिवशी त्याने फिल्टर काळ्या पिशवीत बांधला, दूरच्या कचराकुंडीत टाकला आणि नवा आणायला गेला.

मरझूक हा त्याचा जुना मित्र. त्याच्याकडे रोज संध्याकाळी पुरुषांची बैठक भरते, उकडलेले हरभरे आणि चहा यांच्यावर जगातले सगळे प्रश्न सुटतात. दुऐजने तिथे फिल्टरचा विषय काढला ही त्याची दुसरी चूक. एक म्हणाला, फिल्टर सोड, नळ्या आतून धुऊन घे. दुसऱ्याच्या मेहुण्याने जांभळा दिवा बसवला होता, जंतू म्हणे जागच्या जागी मरतात. मरझूकचं मत होतं की आपण लहानपणी धूळ खाऊन वाढलो आणि आपल्याला काही झालं नाही. हे बोलताना त्याला खोकल्याची उबळ आली आणि दोघांनी त्याची पाठ चोळली. कुणीच विचारलं नाही की घरात ऊद किती जळतो. विचारणार कसं? प्रत्येकाच्या घरी एक सबीका होतीच.

दुऐजने नळ्या धुऊन घेतल्या. जांभळा दिवाही लावला. दिवा विकणारा पोरगा टाय लावून आला होता, त्याने गादीवर यंत्र फिरवून काळी भुकटी काढून दाखवली, आणि दिव्याचा भुकटीशी संबंध काय असं दुऐजने विचारलं तेव्हा हातातल्या माहितीपत्रकाचं पुढचं पान उलटलं. मग कोळशाचा फिल्टर आणला, वास शोषून घेतो म्हणून. तो आठ दिवस छान चालला. नवव्या दिवशी कोळशाचं पोट भरलं, आणि घर पुन्हा दरवळलं. तैबाच्या छातीतली शिट्टी जिन्यावरून ऐकू येऊ लागली. दुऐज रोज नवं माहितीपत्रक वाचायचा, आकड्यांखाली रेघा मारायचा आणि चिडायचा. दुकानदारांवर चिडायचा, शहातावर चिडायचा, मिशारी दार आपटतो म्हणून चिडायचा. सबीकावर मात्र नाही. तिला तो रोज विचारायचा, युम्मा, चहा घेतलास का.

जुलैत त्याने सगळ्यांत बारीक फिल्टर मागवला, दवाखान्यात वापरतात तसला. शहाता नको नको म्हणत होता. दुऐजने स्वतःच बसवला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर एकावन्न अंश असताना खोल्यांत येणारी हवा बारीक झाली, मग नुसती फुंकर उरली, मग तीही थांबली. छतातून पाणी ठिबकायला लागलं. शहाता गच्चीवरून खाली आला तो घामाने निथळत, हातात बर्फाचा तुकडा घेऊन.

“बाशा, बाहेर जग भाजतंय आणि तुमच्या यंत्रात बर्फ जमलाय,” तो म्हणाला. “तुम्ही त्याच्या नाकावर उशी दाबलीत.”

“फिल्टर बारीक म्हणजे चांगला. तूच म्हणाला होतास.”

“चांगलाच आहे. पण त्यातून हवा ओढायला छातीत दम लागतो. तुमच्या पंख्यात तो नाही.” त्याने बर्फ खिडकीबाहेर टाकला आणि आवाज खाली आणला. “एक सांगू? फुकट सांगतो, म्हणजे तुम्ही ऐकणार नाही. मी रोज हे फिल्टर बाहेर काढतो, माझे कपडे घरी बायको हुंगते आणि विचारते, कुणाच्या लग्नाला गेला होतास. गच्चीवर काही बसवू नका. त्या गादीपाशी जाऊन दोन शब्द बसवा.”

दुऐजचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “तू यंत्रापुरतं बोल,” तो म्हणाला.

“यंत्रापुरतंच बोललो,” शहाता म्हणाला आणि हत्यारं गोळा करायला लागला.

बर्फ वितळून यंत्र सुरू व्हायला दोन दिवस लागले. तेवढे दिवस मिशारी आणि नौफ पोरीला घेऊन मिशरिफला गेले. परत आले तेव्हा तैबा जिन्यावरून धावत वर गेली, धावत खाली आली, आणि तिला धाप लागली नाही. नौफने पोरीला औषधाची वाफ देण्याचं यंत्र टेबलावर ठेवलं. त्याची पिशवी दोन दिवसांत उघडलीच नव्हती.  दुऐजने पिशवीची गाठ बघितली आणि पुन्हा माहितीपत्रकं उघडून बसला. या घरात बोलायचं सोडून सगळं चालत होतं.

ऑगस्टमध्ये त्याने कंबर कसली. स्वतः कागदावर आकृती काढली आणि पत्रेवाल्याकडून माणसाच्या उंचीची पेटी करून घेतली. आत चौपट रुंदीचे फिल्टर, म्हणजे हवेला वाट भरपूर. त्यांच्यामागे कोळशाचे चार थर. आणि ओढायला वेगळा पंखा. शहाताने गच्चीवर बसवताना पेटीभोवती दोन चकरा मारल्या आणि कबूल केलं की एवढं चोख काम त्याने कुवेतात पाहिलेलं नाही. दुऐजने हवेतले कण मोजायचं यंत्रही आणलं, हातात मावेल एवढं. तैबाच्या खोलीत आकडा आला सहा. पेटी सुरू करण्याआधी तिथे ऐंशी आले होते. त्याने तो आकडा नौफला दाखवला, मिशारीला दाखवला, स्वयंपाक्यालाही दाखवला. चार रात्री पोर शांत झोपली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच दुऐजने जेवताना आणखी भात मागून घेतला.

पाचव्या दिवशी गुरुवार होता. सबीकाने नेहमीप्रमाणे धुपाटणं जाळीपुढे धरलं आणि जिन्याच्या दिशेने मान वर करून विचारलं, आला का वास? वरून नौफने खरं तेच सांगितलं, नाही आला, आत्या.

सबीकाने आणखी एक तुकडा टाकला. पुन्हा विचारलं. नाही आला. तिने तिसरा टाकला. दुसऱ्या दिवशी तिने ड्रायव्हरला बाजारात पिटाळलं आणि उदाच्या व्यापाऱ्याला निरोप दिला की चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला पांढरं लाकूड विकायला लाज कशी वाटली नाही. व्यापाऱ्याने शपथा घेतल्या आणि जास्त तेलाचा, जास्त भारी ऊद पाठवला. तोही वर पोचला नाही. पोचणार कसा? दुऐजची पेटी तो गच्चीवर चोख गाळत होती. मग सबीकाने निखारे दुप्पट केले. दुऐजचं यंत्र जितकं उत्तम चाले तितका खाली धूर वाढे, आणि धूर गच्चीवर पोचायच्या आत तो ज्या दालनात उठे, तिथेच तैबा बसलेली असे. धुपाटण्याचा चिमटा धरायचं काम आत्याआजीने तिला दिलं होतं.

दुऐजने ते मोजायचं यंत्र एकदा गुपचूप दालनात नेलं. आकडा पाचशेच्या पुढे गेला आणि पडद्यावर नुसत्या रेघा आल्या. माणसाने तिथेच तोंड उघडावं की नाही? हा गच्चीवर गेला आणि त्याने पंख्याचा वेग वाढवला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी नमाजाहून पुरुष परतले होते, मांस-भाताच्या मचबूसचं मोठं ताट मध्ये आलं होतं. तैबा चिमटा खाली ठेवून जेवायला उठली, दोन पावलं चालली आणि खाली बसली. तिचे ओठ निळसर झाले होते. मिशारीने तिला उचलून गाडीत घातलं, नौफ अनवाणी मागे धावली. ताटातला भात कुणी शिवला नाही.

दवाखान्यात पोरीला एक दिवस ठेवून घेतलं. शनिवारी दुपारी मिशारीचा फोन आला की छाती मोकळी झाली, तासाभरात निघतो. दुऐज ही बातमी सांगायला दालनात आला, तर सबीका गादीवर बसून निखारे फुंकत होती. शेजारी उदाची नवी डबी उघडलेली.

“हे काय करतेस?”

“पोर दवाखान्यातून येतेय,” सबीका म्हणाली. “औषधांचा वास घेऊन येईल. घर कसं भरलेलं पाहिजे.”

“ठेव ते खाली.”

“ओरडतोस कशाला? निखारा पडेल.”

“युम्मा, ठेव खाली!” त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “पोरीला ते सोसत नाही. तिची छाती त्यानेच भरते. ऊद आहे तो, ऊद!”

सबीकाने हातातल्या धुपाटण्याकडे पाहिलं. मग शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला आणि निखाऱ्यांवर उपडा केला. फस्सकन वाफ उठली, राख तिच्या मांडीवर उडाली. तिने ती झटकलीसुद्धा नाही.

“कोण म्हणतं?” तिने विचारलं.

“मी म्हणतो. फिल्टरवर सापडला मला. तपासून बघितलं.”

“कधी?”

दुऐजने उपडा तांब्या उचलून सरळ ठेवला.

“कधी, दुऐज?”

“जूनमध्ये.”

 सबीकाचा आवाज अगदी खाली आला. “माझ्या शेजारी बसून ती पोर गुदमरत होती, आणि मी तिला सांगत होते, बाळा, खोल श्वास घे, ऊद छातीला चांगला असतो. मी सांगत होते तिला. आणि ती माझं ऐकून खोल श्वास घेत होती. तू तेव्हा कुठे होतास? गच्चीवर पत्रे ठोकत होतास.”

“तुला वाईट वाटेल म्हणून...”

“वाईट?” सबीका म्हणाली. “तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, हो ना? मिशारीला, त्या पोरीच्या आईला, त्या मिस्त्रीलासुद्धा. आणि सगळ्यांना वाटलं की म्हातारीला पोरीपेक्षा लाकूड प्यारं आहे. बाकीच्यांचं सोड. तुला तसं वाटलं? तुला मी वाढवलं रे.”

 सबीकाने डब्यांची झाकणं लावली, सगळ्या डब्या पिशवीत भरल्या आणि ड्रायव्हरला हाक मारून पिशवी मशिदीत पोचवायला सांगितली. पोर घरी आली तेव्हा ती दारात उभी होती, राखेचे डाग तसेच अंगावर. तिने नौफचे दोन्ही हात धरले आणि सुनेपुढे मान खाली घातली. नौफ तिच्या गळ्यात पडून रडली. दुऐजला कुणी जवळ बोलावलं नाही.

आठ दिवसांत तैबाची छाती साफ झाली. दालनातला आकडाही दहाच्या खाली आला. सबीका कामापुरतं बोलायची, चहा घेतलास का या प्रश्नाला मान हलवायची. तरी दुऐजच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. झालं ते झालं, पोर वाचली, घर राहिलं, असं तो मरझूकच्या बैठकीत म्हणालाही. आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी वर गेला, तर तैबाच्या खोलीत खोकी पसरलेली, आणि नौफ फरशीवर बसून पोरीचे कपडे घड्या करून भरत होती.

“हे कशाला?” त्याने विचारलं. मोजायचं यंत्र त्याच्या हातात होतंच. त्याने ते पुढे केलं. “हे बघ. चार. मिशरिफला चार येणार नाही.”

“बघितलं, काका.”

“आता तर युम्माने बंदच केलंय.”

“हो. आत्यांनी एका मिनिटात बंद केलं.” नौफने फ्रॉकची बाही सरळ केली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. “मी फेब्रुवारीपासून रोज सकाळी जिना उतरताना म्हणायचे, आज काका बोलतील. मला बोलता येत नव्हतं. मिशारीला तर नाहीच. तुम्हाला येत होतं. तुम्ही रोज खालून नवा फिल्टर घेऊन वर जायचात, आणि मी पोरीची पाठ चोळत बसायचे.”

“मी प्रयत्न करत होतो.”

“करत होतात. तुमच्याइतकी खटपट कुणी केली नसती. पण उद्या ती मोठी होईल, कुणी तिला काही बोलेल, कुणी तिच्याशी वाईट वागेल. तेव्हा या घरात तिच्या बाजूने तोंड कोण उघडणार? तुम्ही काहीतरी विकत आणाल, काका. फार चांगलं आणाल.”

दुऐज तसाच उभा राहिला. खोलीत गार हवेचा बारीक आवाज येत होता. एक शब्द बोलायचा होता. चुकलो म्हणायचं होतं, किंवा नुसतं राहा म्हणायचं होतं, आणि ते म्हटलं असतं तर नौफ थांबली असती. खोक्यात हात घालून ती त्याचीच वाट बघत होती. शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. त्याने कोपऱ्यातल्या पोरीच्या पलंगाकडे पाहिलं, लांबी नजरेने मोजली आणि घसा साफ केला.

“पलंगासकट न्यायचं तर मोठी गाडी लागेल,” तो म्हणाला. “मी बघू का?”

नौफने फ्रॉक खोक्यात ठेवला आणि झाकण मिटलं. “बघा,” ती म्हणाली.

शनिवारी सकाळी सहा वाजता फाटकासमोर गाडी उभी होती. दुऐजने उचलायला दोन माणसं आणली होती, आणि पलंगाला ओरखडा येऊ नये म्हणून चार जुन्या गोधड्याही.